फूल बघून सांगणारी बायाक्का

बायाक्का निपाणीकडची. तिच्या माहेरी शेतात तंबाखू असायची, आणि तंबाखूच्या रोपाला तुरा आला रे आला की तो खुडून टाकायचं काम घरातल्या पोरींकडं असे. फूल ठेवलं तर पानाचा कस जातो. त्यामुळं लग्न होऊन ती खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीच्या वाटेवरच्या सडेवाडीत आली तेव्हा फूल म्हणजे दिसताक्षणी मोडायची वस्तू, एवढंच तिला ठाऊक होतं. साल असेल एकोणीसशे चौदा-पंधरा.

सडेवाडी पंचवीस उंबऱ्यांची. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा लांबरुंद सडा. उन्हाळ्यात त्यावर काडी दिसायची नाही, पण मिरगानंतर तोच सडा दर आठवड्याला रंग बदलायचा. पहिल्याच पावसाळ्यात सासूनं, नागुबाईनं, नव्या सुनेच्या डोक्यावर इरलं ठेवलं आणि तिला वर नेलं. बायाक्कानं सवयीनं पहिलंच फूल खुडलं. नागुबाईनं तिच्या हातावर चापट मारली.

"खुडलंस? आता सांग कशाचं ते."

"पिवळं हाय आत्ती."

"पिवळी हितं ईस हायती. कुठलं पिवळं?"

बायाक्काच्या पायाला जळवा लागलेल्या, इरल्यातून पाणी मानेवर गळत होतं, आणि सासू म्हणत होती, "पान फसवतंय, वेल फसवतोय, कंद तर लईच फसवतोय. फूल तेवढं खोटं बोलत न्हाय. पर ते आठ-धा दिसच बोलतंय. तवा आपुन हितं असाय पायजे."

ही फुलांची हौस नव्हती. डोंगरातल्या माणसाला उन्हाळ्याचे शेवटचे दोन महिने रानातले कंद तारून नेत. पण कंद खणायचा तो माघ-फाल्गुनानंतर, आणि तेव्हा जमिनीवर ना पान असतं ना वेल. खालचा कंद खायचा की माणूस मारणारा, हे वरून कळायला काही मार्गच नाही. म्हणून पावसाळ्यात, फूल असताना, जागा हेरून ठेवायच्या. खरपुडीचं फूल कंदिलासारखं, त्याच्या बुडाशी दगडावर दगड. चवरीचं गुलाबी तुऱ्याचं कणीस, दगडावर दगड. कणगीचं फूल डोळ्यातसुद्धा भरत नाही, मोहरीएवढं हिरवट. ते वेलीखाली उकिडवं बसून शोधायचं. आणि कळलावी, जिचं फूल लालपिवळ्या जाळासारखं लांबूनही दिसतं, तिच्या बुडाशी भाजून काळी केलेली काठी खोल ठोकायची. कळलावीचा कंद माणूस मारतो. कणगीच्या शेजारीच ती वाढते, तिच्यासारखीच झुडपावर चढते, आणि कंदाचा तुकडा मोडला की दोन्ही सारखेच दिसतात.

शिकायला बायाक्काला पाच पावसाळे लागले. मधे मानमोडीची साथ आली आणि तिचा नवरा केदारी तीन दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले, पण नागुबाई म्हणाली, "हिला न्हेलं तर सड्यावर कोण जाईल? माजी गुडघी गेली." बायाक्का राहिली. का राहिली, हे पुढं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "कट्टाळा आला हुता जायाचा." त्यात थोडं खरंही होतं.

नागुबाई गेल्यावर सडा तिच्या एकटीवर आला. धाकटा दीर आण्णाप्पा आणि त्याची बायको मालुबाई भिंतीला भिंत लावून राहत. शेत एकत्र, चूल वेगळी. श्रावण-भाद्रपदात गावातल्या बायका लावणी-भांगलणीच्या घाईत असत आणि बायाक्का एकटी सड्यावर. लोक म्हणत, बायाक्का फिरायला जाते. ती संध्याकाळी यायची तेव्हा तिचे तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले असायचे.

एकतीस सालापासून तीन पावसाळे बेळगावचे एक शाळामास्तर यायचे, सुबराव मास्तर. त्यांना फुलांचा नाद. खांद्याला पत्र्याचा डबा, खिशात भिंग, काखेत जाडजूड पुस्तक. बायाक्का वाट दाखवायची. मास्तर एकेका फुलापुढं अर्धा-अर्धा तास बसत, पाकळ्या मोजत, आतले केसर सुईनं उकलून बघत. एकदा त्यांनी आमरीची, म्हणजे ऑर्किडची, पांढऱ्या फुलांची दोन रोपं शेजारीशेजारी ठेवली आणि दोन्हीपुढं एकच नाव लिहिलं.

"ह्या दोन हायती मास्तर," बायाक्का म्हणाली.

"दोन कशा? पानं बघ, सारखी. पुस्तकात एकच दिली आहे."

"ह्येला सांजंला वास येतोय. त्येला येत न्हाय."

"पुस्तकात वासाचं काही नाही."

"पुस्तक सांजचं हितं आलं नसंल."

मास्तर हसले, पण उठले नाहीत. उजेड उतरेपर्यंत दोघं दगडावर बसून राहिली. मग मास्तरांनी आधी एका फुलाला नाक लावलं, मग दुसऱ्याला, आणि भिंग काढलं. एका फुलामागची शेपटी लांब होती, दुसऱ्याची आखूड. पुढं त्यांचं पत्र आलं, ते तलाठ्यानं वाचून दाखवलं. फुलं दोन वेगळ्या जातींचीच होती. दोन्हींना कुणीतरी पूर्वीच नावंही ठेवली होती. "तुमचं बरोबर होतं," एवढं शेवटी लिहिलं होतं. बायाक्काला बरं वाटलं, पण कुणाला सांगावं असं काही त्यात तिला दिसलं नाही. नंतर मास्तरांना दम्यानं धरलं आणि ते यायचे थांबले.

लढाई सुरू झाली तेव्हा बायाक्का चाळिशीच्या आसपास होती आणि साठीची दिसत होती. बेचाळीस साली भाताला करपा पडला. उरलंसुरलं सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेलं. संक्रांत होईतो धान्याच्या कणग्यांचे तळ दिसू लागले आणि शिमग्याला तर गावात धान्य असं उरलंच नाही. बायाक्कानं पावसाळ्यात हेरलेल्या जागा महिनाभरात खणून संपल्या. मग लोक दिसेल तिथं खणू लागले. खालच्या वाड्यांमधली माणसंही सड्यावर आली. कुठं कुणाचं फूल होतं हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणून खणलेली पाटी घेऊन ती बायाक्काच्या दारात येत.

"आक्का, एवढं बघून दे."

"फुलाबिगर मी आंदळी हाय गं," ती म्हणे. "कंदाचं मला खात्रीनं सांगता येत न्हाय."

"आमच्यापरीस तुला कळतंय."

हे मात्र खरं होतं. ती पाटी उलटी करायची, एकेक कंद हातात घ्यायची, साल नखानं काढायची, मोडून वास घ्यायची. कळलावीच्या कंदासारखा कोपरात वाकलेला दिसला की फेकून द्यायची. तुकडा झालेला असेल आणि खात्री नसेल तर तोही फेकायची. कुठून खणला, शेजारी काय होतं, काळी काठी होती का, हे विचारायची. पाटीतलं निम्मं कधीकधी बाहेर जाई. दिवसभराची खणणी डोळ्यांदेखत निम्मी झालेली बघून बायका रडत, काही शिव्या देत. एकीनं फेकलेले कंद वेचून पुन्हा पाटीत घातले, तेव्हा बायाक्कानं उठून ते चुलीत टाकले. सालींनी तिची बोटं सुजली होती, मनगटापर्यंत खाज सुटायची. सकाळी दार उघडलं की पायरीवर तीन-चार पाट्या असायच्याच. स्वतःसाठी खणायला तिला वेळ नव्हता. कुणी दोन कंद ठेवून गेलं तर तेच शिजवायची.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मालुबाई पाटी घेऊन आली. आदल्या दिवशी बायाक्कानं तिच्या पाटीतलं निम्म्याहून जास्त फेकलं होतं. त्या दिवशी सकाळपासून बायाक्कानं अकरा पाट्या बघितल्या होत्या. ती भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि उठावंसं तिला वाटत नव्हतं.

"बघतीस न्हवं आक्का?"

बायाक्कानं पाटीत हात घातला. वरचे चार-पाच कंद उचलले. कणगीच होती, चांगली, जाड. एक मोडून वास घेतला. पाटी उलटी करायची तर ओणवं व्हायला लागणार होतं.

"व्हय, कणगीच हाय," ती म्हणाली. "जा, शिजव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीपलीकडून उलट्यांचे आवाज येऊ लागले. आण्णाप्पा आणि मालुबाई, दोघांनाही. उलट्या थांबेनात, मग पोट वाहू लागलं. कुणीतरी म्हणालं, पटकी. तो शब्द उच्चारल्याबरोबर आसपासची दारं लागली. विहिरीवर जायचं बंद झालं. बायाक्का एकटी आत गेली. दोघांना पाणी पाजलं, घाण काढली, आणि चुलीपाशी गेली तेव्हा तिला तवलीच्या बुडाशी एक उकडलेला तुकडा दिसला. तो कोपरात वाकलेला होता.

ती तिथंच खाली बसली.

संध्याकाळी गाडी जुंपून दोघांना खानापूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण पटकीच्या भीतीनं गाडीवर बसायला कुणी तयार होईना. शेवटी मष्णू गुरव तयार झाला. बायाक्का मागं बसली, दोघांची डोकी तिच्या दोन मांड्यांवर. जांबोटी यायच्या आधीच आण्णाप्पाचं डोकं जड झालं. तिनं मष्णूला लगेच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं गाडी परत फिरवली असती, आणि मालुबाईचा श्वास अजून चालू होता. दवाखान्यात मालुबाई आठ दिवस पडून होती. ती वाचली.

आण्णाप्पाचं क्रियाकर्म खानापुरातच उरकून बायाक्का गावात आली तेव्हा देवळापुढं माणसं जमलेली होती. पटकी आली म्हणून देवीला गाऱ्हाणं घालायचं चाललं होतं. ती बोलली नसती तरी चाललं असतं. कुणाला संशय नव्हता. पण ज्या उतारावर मालुबाईनं खणलं होतं तिथंच उद्या दुसरी कुणी खणणार, हे तिला दिसत होतं.

"पटकी न्हवं ही," ती म्हणाली. "कळलावी हाय. माज्या हातनं गेलेल्या पाटीतली. मी बघिटली आन् व्हय म्हटलं. पुरी बघिटली न्हाय."

मग मागून एक बाई म्हणाली, "मग आमच्या पाट्यांचं काय गं?" त्या रात्री गावानं घरात होते नव्हते तेवढे कंद उकिरड्यावर टाकले. बायाक्काच्या पायरीवर सकाळी पाटी नव्हती. तीन दिवस नव्हती. ती घरात पडून राहिली. झोप लागत नव्हती, पण उठायचं कारणही नव्हतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच तिला कुणी काही विचारत नव्हतं, आणि त्याचा सुटकेसारखा काहीतरी भास तिला होई तेव्हा ती स्वतःचीच शरम वाटून कूस बदलायची.

चौथ्या दिवशी गावातली जयाबाई आली. पाटी पायरीवर ठेवली.

"बघ."

"माज्यावर इस्वास हाय तुजा?"

"न्हाय," जयाबाई म्हणाली. "पर दुसऱ्या कुणावर ठिवू ते सांग. घरात सासरा उपाशी हाय."

बायाक्का उठली. पाटी उलटी केली. एकेक कंद बघायला तिला दुप्पट वेळ लागला. जयाबाई शेवटचा कंद होईतो तिच्या हातांवर नजर ठेवून उभी होती, आणि त्यात बायाक्काला काही वावगं वाटलं नाही. मग दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, तिसऱ्या दिवशी पाच.

मालुबाई घरी आली ती काटकुळी होऊन. आल्यावर पाच-सहा दिवसांनी तिचे केस गळायला लागले. फणी लावली की बुचक्याबुचक्यांनी हातात यायचे. आठवड्यात डोकं पुरं उघडं पडलं. ती पदर कपाळापर्यंत ओढून घरात बसायची. बायाक्का तिला खानापूरहून आणलेल्या मूठभर कण्यांची पातळ पेज रोज नेऊन द्यायची. दोघी बोलत नव्हत्या. मालुबाईच्या तोंडून शिव्या याव्यात म्हणून बायाक्का वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर तिला जरा हलकं वाटलं असतं.

एका दुपारी पेजेचं ताट खाली ठेवताना मालुबाईनं तिचा हात धरला.

"आक्का, वरच्या कणग्या मी मुद्दाम वर ठिवल्या हुत्या."

बायाक्का तिच्यापाशी खाली बसली.

"खालचं मला म्हाईत न्हवतं चांगलं का वाईट. तू फेकणार, येवढंच म्हाईत हुतं. आदल्या दिशी तू निम्मी पाटी फेकलीस. ह्ये कामावरनं आल्यालं, पोटात काय न्हाय. मला वाटलं, आक्का लईच भ्या घालती. एकदा तरी पाटी पुरी घरात जाऊ दे."

"मी पाटी उलटी करती रोज."

"व्हय. त्या दिशी तू बसलीवतीस. मी बघिटलं, तू दमलीयास. म्हून तवाच आलते."

दोघींपैकी कुणाचाच आवाज चढला नाही. चढवायला लागणारी ताकद दोघींत नव्हती. बायाक्काला राग आला, नाही असं नाही. देवळापुढं आपण सगळ्यांसमोर उभं राहिलो ते तिला आठवलं. पण राग पुढं सरकेना. पाटी उलटी केली असती तर मालुबाईची लबाडी तिथंच पायरीवर उघडी पडली असती. ते ओणवं होणं तेवढं तिनं टाळलं होतं. कितीही फिरवून बघितलं तरी ती पाटी तिथंच येऊन थांबायची.

"गावात सांगू व्हय मी?" मालुबाईनं विचारलं.

"सांगून आण्णाप्पा येतोय? पेज पी."

ते गावात कुणाला कधी कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मालुबाई डोक्याला फडकं बांधून बायाक्काच्या पायरीवर येऊन बसू लागली. पाटी आली की ती स्वतः उठून उलटी करायची, बुडाला चिकटलेली मातीसुद्धा झटकायची, आणि मग कंद एकेक करून बायाक्काच्या हातात द्यायची. कुणी कुरकुर केली की फडकं मागं सारून डोकं दाखवायची. मग कुरकुर थांबायची. असं करत वैशाख गेला. कुणी मेलं नाही. पाऊस लागला.

त्या श्रावणात दोघी सड्यावर गेल्या. मालुबाईच्या डोक्यावर मुलांच्यासारखे बारीक केस आले होते. पहिल्याच दिवशी कळलावी दिसली, करवंदीच्या जाळीवर चढलेली, फुलांनी पेटलेली. मालुबाई दहा हातांवर थांबली. तिला पुढं जाववेना.

"उपटून टाकू या सगळी," ती म्हणाली. "गावातल्यांस्नी सांगू. एक सुद्धा ठेवायची न्हाय."

"उपट. कंदाचा तुकडा जरी ऱ्हायला तरी पुढल्या साली येती. आन् फुलाबिगर, काठीबिगर तिथं ऱ्हायली तर जास्तच वंगाळ."

मालुबाईनं तरीही दोन-तीन उपटल्या. घामाघूम झाली, हात सोलले. मग काठी ठोकायला घेतली. बायाक्का दगडावर बसून बघत होती. नागुबाईनं तिला जसं शिकवलं तसं मालुबाईला शिकवायची तिच्यात उमेद नव्हती. हातावर चापट मारली नाही की वीस पिवळ्यांची नावं विचारली नाहीत. मालुबाई विचारेल तेवढं ती सांगे. पण मालुबाई न विचारलेलंही लक्षात ठेवत होती. कणगीच्या मोहरीएवढ्या फुलाखाली ती इतका वेळ उकिडवी बसायची की बायाक्कालाच तिला उठवावं लागे. घरी आल्यावर ती बोटांवर मोजत दिवसभरातली फुलं पुन्हा म्हणायची, आणि चुकली की बायाक्का अंथरुणातूनच "न्हवं" म्हणायची.

चार पावसाळे असे गेले. सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात बायाक्काच्या गुडघ्यांनी सडा चढायचं नाकारलं. त्या साली अधिक श्रावण होता. खानापुरात झेंडा लावणार म्हणून गावातली बरीच माणसं आदल्या दिवशीच खाली गेली. मष्णूनं गाडीत जागा ठेवली होती, पण मालुबाई गेली नाही. खरपुडी फुलली होती आणि चार दिवसांत गळणार होती. ती गावातल्या दोन नव्या सुना बरोबर घेऊन वर गेली. बायाक्का पायरीवर घोंगडी पांघरून बसली. समोरच्या विहिरीवर कुणी नव्हतं.

दुपारी मालुबाई भिजून आली. पानाच्या द्रोणात प्रत्येक जातीचं एकेक फूल आणलं होतं. ती एकेक बाहेर काढून ठेवू लागली आणि बायाक्का काही बोलायच्या आत स्वतःच नाव सांगू लागली. सुना मागं उभ्या राहून ऐकत होत्या. बायाक्का मान हलवत होती. एका जांभळ्या फुलापाशी मालुबाई अडली.

"ह्ये मला म्हाईत न्हाय."

बायाक्कानं ते डोळ्यांजवळ धरलं. फिरवून बघितलं, वास घेतला. तिच्या डोळ्यांना हल्ली सारं धुरकट दिसे.

"मला बी न्हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग तिथं खणू नका."

मालुबाईनं ते फूल बाजूला ठेवलं आणि पुढचं काढलं. बायाक्कानं थोडा वेळ ऐकलं. नावं बरोबर येत होती. मग तिनं घोंगडी खांद्यावर ओढली, भिंतीला हात लावून उठली, आणि आत जाऊन आडवी झाली. बाहेर मालुबाईचा आवाज चालूच होता.